'वायफाय गेलं' म्हणजे नक्की काय गेलं? नेटवर्कचे शब्द, फोनपासून बाहेरच्या जगापर्यंत

नेट बंद पडलं की घरातून एकच आरोळी येते, 'वायफाय गेलं!' बिचारं वायफाय तेव्हा बहुधा जागच्या जागी असतं. फोन आणि राउटर यांच्यामधला काही पावलांचा बिनतारी रस्ता, एवढाच त्याचा मुलूख. त्याच्या पलीकडे राउटर, पत्ते वाटणारी सेवा, फायबरचा डबा, सेवा देणाऱ्या कंपनीची यंत्रणा, नावं शोधून देणारा सर्व्हर अशी रांग उभी असते. यातलं कुणीही आडवं पडलं तरी पडद्यावर तेच गोल फिरत राहतं.

हे सगळे शब्द एकदा मी वर्णानुक्रमे पाठ करायला घेतले होते. आठवड्याभरात विसरलो. डोक्यात बसले ते या रांगेतून एका टोकापासून चालत गेल्यावर. इथेही तोच क्रम ठेवतो. वाचताना फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या वायफायचा तपशील उघडून ठेवा. पुढे येणारे निम्मे शब्द त्या पानावर दिसतील.

पायरी १ : डबे आणि तारा ओळखा

आपण ज्याला सरसकट राउटर म्हणतो त्या डब्यात खरं तर तीन-चार बिऱ्हाडं नांदत असतात. बाहेरच्या जाळ्याला घरचं जाळं जोडणारा तो राउटर. घरातल्या तारा एकमेकींना जोडणारा तो स्विच. तारेतली माहिती हवेत सोडणारा आणि हवेतली तारेत घेणारा तो ॲक्सेस पॉइंट. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर करणारा डबा म्हणजे ओएनटी. टेलिफोनच्या तारेवर किंवा केबलवर हेच काम मोडेम करतो. कुठे हे सगळे एकाच डब्यात असतात, कुठे दोन वेगळे डबे असतात. आपल्याकडे काय आहे ते एकदा नीट पाहून घ्या.

राउटरच्या मागे बहुधा एक खाच वेगळ्या रंगाची असते. ती वॅन, म्हणजे बाहेरच्या जाळ्याची. उरलेल्या लॅन, म्हणजे घरातल्या. तार चुकून दुसऱ्या खाचेत गेली तर सगळे दिवे लागलेले दिसतात आणि नेट मात्र येत नाही. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला की बाहेरून प्रकाशच येत नाहीये असं समजावं. अशा वेळी फोनवर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसण्यात काही राम नाही.

तारेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या आहेत. इथरनेटच्या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या, म्हणजे चार जोड्या. १०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, वेगाला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात. १ जीबीपीएसला, म्हणजे त्याच्या दहापट वेगाला, चारही लागतात. माझ्या तारेतली एक जोडी दाराच्या फटीत दबून तुटली होती. नेट चालू होतं, सगळं ठीक दिसत होतं, फक्त वेग ९४-९५ च्या वर जायला तयार नव्हता. मी राउटरच्या सेटिंग उलटसुलट करून पाहिल्या, कंपनीशी भांडलो, आणि शेवटी तार बदलल्यावर पाचव्या मिनिटाला प्रश्न मिटला. वेग असा १०० च्या जरा खाली येऊन ठाम बसला असेल तर पहिला संशय तारेवर घ्या. तारेवर 'कॅट ५ ई' किंवा 'कॅट ६' असं छापलेलं असतं. कॅट ५ ई वर १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस वेग मिळतो, घराला तेवढा भरपूर झाला.

पायरी २ : हवेतला टप्पा

आता खरं वायफाय. नावापासूनच सुरू करू. 'वायफाय' हे कशाचंही लघुरूप नाही. १९९९ च्या सुमारास एका ब्रँडिंग कंपनीकडून बनवून घेतलेलं ते नाव आहे. तंत्राचं खरं नाव ८०२.११, आणि त्याचं पहिलं मानक आयईईई या संस्थेने १९९७ मध्ये काढलं. पुढे त्याला बी, जी, एन, एसी, एएक्स अशी शेपटं लागत गेली. सामान्य माणसाला ती पाठ होईनात, म्हणून २०१८ मध्ये वायफाय अलायन्सने सरळ क्रमांक दिले: एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे वायफाय ५, एएक्स म्हणजे वायफाय ६. त्यानंतरचं बीई म्हणजे वायफाय ७. राउटर नवा आणि फोन जुना असेल तर दोघं जुन्याच्याच भाषेत बोलतात. नवा राउटर आणूनही वेग तेवढाच का, याचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं.

फोनच्या यादीत दिसणारं वायफायचं नाव म्हणजे एसएसआयडी. ते जास्तीत जास्त ३२ बाइटचं असू शकतं. नाव देवनागरीत ठेवायचं मनात असेल तर एक अक्षरखूण तीन बाइट खाते हे लक्षात ठेवा, दहा खुणांत जागा संपते.

फ्रीक्वेन्सी बँड हा या टप्प्यातला सगळ्यात कामाचा शब्द. वायफाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. वायफाय ६ ई पासून ६ गिगाहर्ट्झचा तिसरा पट्टा आला. २.४ लांब जातो, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतो, पण तिथे गर्दी फार: शेजाऱ्यांची वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. जेवण गरम करताना व्हिडिओ अडकत असेल तर तो भास नाही. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण दोन भिंतींनंतर दमतो. मी स्वतः दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं देतो आणि टीव्ही, लॅपटॉप ५ वर, दिवे-प्लग वगैरे २.४ वर बांधून टाकतो. एकच नाव ठेवून निवड राउटरवर सोडता येते, पण लांबच्या खोलीत फोन नेमका नको तो पट्टा धरून बसतो, हा माझा अनुभव.

प्रत्येक पट्ट्याचे पुन्हा चॅनल पडतात. २.४ मध्ये एका चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि शेजारच्या दोन चॅनलमधलं अंतर मात्र ५ मेगाहर्ट्झ. म्हणजे चॅनल ३ वर बोलणारा राउटर १ वाल्यालाही त्रास देतो आणि ६ वाल्यालाही. एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. फोनवर वायफाय ॲनलायझर प्रकारचं एखादं ॲप घ्या, आजूबाजूचे राउटर कुठे दाटलेत ते पाहा आणि या तिघांतलं सर्वांत मोकळं निवडा. ३ किंवा ९ रिकामा दिसला तरी मोह टाळा. रुंदी विचारली तर २.४ वर २० ठेवा, ५ वर ८०.

५ गिगाहर्ट्झमधल्या काही चॅनलवर रडारचाही हक्क असतो. बऱ्याच देशांतल्या नियमांप्रमाणे राउटरला तिथे बोलण्याआधी मिनिटभर नुसतं ऐकावं लागतं, आणि रडार ऐकू आलं तर जागा सोडावी लागते. याला डीएफएस म्हणतात. राउटर चालू केल्यावर २.४ चं नाव लगेच दिसतं आणि ५ चं उशिरा, तेव्हा कारण हेच असू शकतं.

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने होतो, उणे ८० ला जोडणी नावापुरती. हे माप साध्या बेरजेचं नसतं. दर ३ ने ताकद निम्मी होते, आणि ३० ने घसरली की हजारावा भाग उरतो. घरभर फिरून हे आकडे कागदावर टिपले की राउटर कुठे ठेवायचा याचं उत्तर आपोआप मिळतं. कपाटाच्या मागे, आरशाजवळ आणि जमिनीवर ठेवायचा नाही, एवढं न मोजताही सांगता येईल.

हवेत एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेतं, शांतता असेल तर बोलतं. म्हणून कोपऱ्यातला एखादा जुना, मंद, कमी सिग्नलचा कॅमेरा सगळ्यांचा वेळ खातो. रिपीटरची अडचणही इथूनच सुरू होते: तो आलेला प्रत्येक शब्द त्याच चॅनलवर पुन्हा उच्चारतो, आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. मेशमध्ये अनेक ॲक्सेस पॉइंट एकाच नावाखाली एकमेकांशी सल्लामसलत करून चालतात. त्यांच्यामधल्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. तो दुवा तारेने जोडता आला तर जोडाच, मेशचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात.

पायरी ३ : पत्ते

फोन राउटरला हवेतून जोडला गेला तरी त्याला अजून पत्ता नसतो. तो राउटरमधली डीएचसीपी नावाची सेवा देते. फोन विचारतो, 'मला पत्ता द्या', आणि राउटर ठरावीक मुदतीसाठी एक आयपी पत्ता देतो. या मुदतीला लीज म्हणतात. फोनच्या त्या पानावर १९२.१६८.१.२३ असा काहीतरी आकडा दिसेल, तो हाच. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर डीएचसीपीकडून उत्तर आलेलं नाही आणि उपकरणाने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय असं समजा. त्या पत्त्यावर बाहेरचं नेट मिळत नाही.

'ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस' असं लिहून फोन तिथेच अडकला तर? पासवर्ड बरोबर असूनही पत्ता मिळत नाहीये. राउटर एकदा बंद करून चालू करा. तरी नाही जमलं तर घरात दुसरा राउटर जोडलेला आहे का बघा. जुना राउटर रेंज वाढवायला लावायचा असेल तर त्याचा पत्ता वेगळा करून घ्या, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि तार त्याच्या लॅन खाचेत घाला. हे न केल्यास एकाच घरात दोन पत्तेवाटप अधिकारी तयार होतात आणि दोघंही आपापल्या मर्जीने वाटत सुटतात.

गेटवे म्हणजे घराचं बाहेरचं दार, अर्थात राउटरचा घरातला पत्ता, बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ब्राउझरमध्ये तो टाकला की राउटरचं सेटिंगचं पान उघडतं. सबनेट मास्क, म्हणजे २५५.२५५.२५५.० वगैरे, एवढंच सांगतो की पत्त्याचा कुठला भाग गल्लीचा आणि कुठला घर क्रमांकाचा. या मास्कमध्ये एका गल्लीत २५४ उपकरणं बसतात. घरच्या कामाला याहून जास्त खोलात जायची गरज नाही.

मॅक पत्ता निराळा. तो उपकरणाच्या नेटवर्क चिपला कारखान्यात मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक, दोन-दोनच्या सहा गटांत लिहिलेला. त्यात ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं येतात. आयपी हा राहत्या घराचा पत्ता मानला तर मॅक म्हणजे जन्मखूण. फक्त आजचे फोन गोपनीयतेसाठी प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक दाखवतात. मुलाच्या टॅबला राउटरमध्ये मॅकवरून वेळेचं बंधन घातलं आणि काही दिवसांनी ते चालेनासं झालं, तर आधी त्या टॅबमधला 'रँडम मॅक' पर्याय पाहा.

आता जरा मोठा प्रश्न. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते लाखो घरांत सारखेच कसे चालतात? मूळ आयपी पत्ता ३२ बिटांचा, त्यामुळे जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. घरातली सगळी उपकरणं हे खासगी पत्ते वापरतात. बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी आपला एकच सार्वजनिक पत्ता लावतो आणि कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं याची वही ठेवतो. या वहीखात्याचं नाव नॅट.

तरीही २०११ च्या फेब्रुवारीत वाटायला उरलेले शेवटचे मोठे गट संपले. मग कंपन्याच अनेक ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देऊ लागल्या. हे सीजीनॅट. तुमच्याकडे ते आहे का हे पाहायला राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवरचा पत्ता ताडून बघा. दोन्ही सारखे नसतील, किंवा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर बाहेरून घरच्या कॅमेऱ्यात थेट शिरता येणार नाही. पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे बाहेरून आलेली हाक घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवण्याचे, कितीही व्हिडिओ बघा, उपयोग शून्य. कंपनीकडून वेगळा सार्वजनिक पत्ता मागा, किंवा १२८ बिटांचा आयपीव्ही६ पत्ता मिळतो का ते विचारा.

पोर्टचा उल्लेख आलाच आहे. पत्ता इमारतीचा असेल तर पोर्ट हा खोली क्रमांक. सुरक्षित वेबसाइट ४४३ वर, साधी ८० वर. बाकीचे लागतील तेव्हा बघता येतात.

पायरी ४ : नावाचा पत्ता

यंत्रांना आकडे कळतात, माणसांना नावं. साइटचं नाव टाकलं की त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती आखली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये लिहून ती सगळीकडे पोचवली जात असे.

डीएनएस बिघडलं की प्रकार विचित्र दिसतो: आधीपासून चालू असलेला कॉल चालू राहतो आणि नवी साइट मात्र उघडत नाही. राउटरमध्ये किंवा फोनमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहा. पहिली सेवा गूगलची, दुसरी क्लाउडफ्लेअरची. नेटचा वेग याने वाढत नाही. वाढतो असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका, पान उघडण्याआधीचा क्षणभर काय तो वाचतो.

पायरी ५ : नेमकं कुठे तुटलं ते शोधा

आता हे शब्द कामाला लावू. संगणकावर कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडा. पिंग ही आज्ञा समोरच्या पत्त्याला हाक मारते आणि 'ओ' यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून तिचं नाव पडलंय. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, मग एक मोकळी जागा, मग पत्ता.

आधी गेटवेला पिंग करा. उत्तर आलं नाही, किंवा मधेच गळतं, तर दोष घरातल्या टप्प्यात: वायफाय, तार किंवा राउटर. उत्तर आलं तर ८.८.८.८ ला पिंग करा. इथे अडलं तर घर ठीक आहे, बाहेरची जोडणी तुटली आहे. इथेही उत्तर आलं तर पत्त्याऐवजी एखाद्या साइटच्या नावाला पिंग करा. नाव सापडत नाही असा संदेश आला तर दोषी डीएनएस. नाव सापडलं, त्याच्यासमोर आकडे दिसले, पण 'ओ' आली नाही, तर घाबरू नका, काही साइट पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत.

नेट चालू आहे पण रडतखडत, तेव्हा वेगाचे चार शब्द वेगळे काढावे लागतात. बँडविड्थ म्हणजे रस्त्याची रुंदी, ती एमबीपीएसमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर डाउनलोडचा आकडा १२ च्या आसपास दिसला तर तक्रारीला जागा नाही. लेटन्सी म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, तेव्हा १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरकडून १०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणं शक्यच नाही, प्लॅन कितीही महागाचा घ्या. हा वेळ सतत कमी-जास्त होत राहिला तर तो जिटर, आणि वाटेतच काही पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, हरवली तर पॅकेट लॉस. कॉलमध्ये आवाज फाटतो तो बहुधा या शेवटच्या दोघांमुळे. स्पीड टेस्टमध्ये आकडा झकास येतो आणि मीटिंगमध्ये तुमचा रोबोट होतो, ते याचमुळे.

स्पीड टेस्ट करायचीच तर एकदा तार लावून करा, एकदा वायफायवर. तारेवर पूर्ण आणि वायफायवर निम्मा, तर परत पायरी २ वर या.

कुलूप

एवढं सगळं जमलं तरी दार उघडं राहायला नको. राउटरच्या सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूईपी दिसलं तर ते कुलूप २००१ मध्येच फुटलंय. २००३ चं डब्ल्यूपीए हा तात्पुरता इलाज होता. २००४ चं डब्ल्यूपीए२ आजही चालतं, २०१८ चं डब्ल्यूपीए३ अधिक चांगलं. जुनी उपकरणं असतील तर दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा.

बटण दाबून जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवा. तिचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. ही फट २०११ मध्ये उघड झाली. वायफायचं नाव लपवून काही साधत नाही, उलट तुमचाच फोन बाहेर गेल्यावर त्या नावाने हाका मारत फिरतो. वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला सगळे बदलतात, दुसरा डब्यावर छापलेला तसाच राहून जातो. पाहुण्यांसाठी आणि स्वस्तातल्या स्मार्ट दिव्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' चालू करा, म्हणजे ते घरच्या संगणकांपर्यंत पोचत नाहीत.

उरली तक्रार. 'नेट स्लो आहे' असं फोनवर सांगितलं तर पलीकडून 'राउटर बंद करून चालू करा' हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं सांगून पाहा: 'लॅपटॉप तारेने जोडलाय. गेटवेचं पिंग एक मिलिसेकंद, एकही पाकीट हरवत नाही. ८.८.८.८ ला मात्र शंभरातली पंधरा हरवतात, रोज रात्री नऊनंतर. एलओएसचा दिवा विझलेला आहे.' मी अशी तक्रार पहिल्यांदा नोंदवली तेव्हा समोरचा माणूस दोन क्षण गप्प झाला आणि म्हणाला, 'थांबा, लाइनमनकडेच देतो.'